लहानूची उलटी सावली

आधीच सांगून टाकतो — भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि माझ्या गोष्टींवर जव्हारचा विश्वास नाही. फिट्टंफाट!

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. अर्ध्या तालुक्याच्या सावल्या मी सरळ केल्यात. ऊन उजवीकडून असेल तर सावली डावीकडेच — चुकली की मार्क कापले. आता मी निसर्गाचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढतो. रीळ घालून, आणि बाथरूममध्ये लाल दिवा लावून स्वतः धुतो. नियम एकच... फ्रेममध्ये माणूस नको. एकदा मोखाड्याच्या घाटात बिबट्यालाही म्हटलं, "बाजूला हो." झाला बिचारा!

जव्हारजवळच्या दाभोशाला नदीकडच्या उतारावर मोहाचं एक झाड आहे. त्याच्याखाली लहानू गुरं राखत उभा असायचा, बगळ्यासारखा एका पायावर. मी ओरडायचो, तो हसत माझ्यामागे येऊन थांबायचा. एकदा म्हणाला, "सर, मी हटलो. सावली पन हटवू का?"

"राहू दे. तिला जागा लागत नाही."

त्या दिवशीचा फोटो मोठा करून मी बैठकीत लावला. नुसतं झाड, माणूस नाही.

गेल्या वर्षी लहानू वारला. वर्ष भरायला आलं तेव्हा त्याची बायको, बुधीबाई, जीपने जव्हारला माझ्या दारात आली.

"सर, ह्याचा एक पन फोटू नाय. भिंतीवर काय लावू?"

"आधार कार्डावरचा मोठा करून घे ना."

"तो? तो बघून त्याचा कुत्रा पन भुंकंल! तुमी इतकी वर्सं आमचे रानात फोटू काढले. एकात तरी घावंल ना?"

कुठून घावणार? सगळ्या निगेटिव्ह चाळल्या. माझा नियम पक्का निघाला. शेवटी ठरवलं, माणूस नाही तर निदान त्याची जागा देऊ. मोहाची तीच निगेटिव्ह काढली आणि भर दुपारी बाथरूममध्ये बसलो.

केमिकलमध्ये कागद हळूहळू काळा होत गेला. खोड आलं, फांद्या आल्या, झाडाची डावीकडे पडलेली सावली आली... आणि खोडाशेजारी आणखी एक सावली. एका पायावर उभी, खांद्यावर काठी. माणूस नाहीच. आणि ही सावली पडली होती उजवीकडे. उन्हाच्या दिशेने!

भिंग लावून निगेटिव्ह पाहिली — सावलीची जागा कोरी. दुसरी प्रिंट काढली, तिसरी काढली, कागदाचं पाकीट संपवलं. फक्त झाड. त्या पहिल्या प्रिंटचा मोबाइलवर फोटो घेतला, तर त्यातही झाडच.

बायको बघून म्हणाली, "आजवर तुम्ही थापा मारायचात. आता फोटोपण मारायला लागलात."

पण माझं डोकं वेगळंच चाललं होतं. जन्मात पहिल्यांदा खरी गोष्ट, तीही पुराव्यासकट! तो पुरावा मला स्वतःकडेच ठेवायचा होता. म्हणून दाभोशाला गेलो ते दोन प्रिंट घेऊन, आणि बुधीबाईपुढे ठेवली ती रिकामी.

तिने पाहिली. "झाड मी रोज बघतंय, सर. तो कुठं हाय?"

मग पिशवीतली दुसरी काढावीच लागली. तिने ती दाराच्या उजेडात धरली. नंतर मुडपलेल्या पायावर बोट ठेवलं.

"डावा. ह्याच पायात काटा मोडलेला. टेकायचाच नाय."

मी म्हटलं, "बाई, पण ही सावली चुकीची आहे. ऊन इकडून आहे, सावली पण इकडेच. असं होत नाही."

"माझं कवा ऐकलं नाय त्यानं," ती डोळे पुसत म्हणाली, "उनाचं काय ऐकंल!"

प्रिंट तिथेच राहिली. तिने झेंडूची माळ घातली, सावलीला.

बाजारात लोक पुरावा मागतात. मी म्हणतो, दाभोशाला जा, चहा मिळेल. कुणी जात नाही. मी मात्र जातो. सावली आहे तशीच आहे, उलटी. कशी आली, ते मला अजून कळलेलं नाही, आणि माझ्यासारख्या माणसाला एकही कारण रचता येऊ नये, ही तर त्याहून मोठी नवलाई.

माझ्या बैठकीत अजून तो जुना फोटो आहे. झाड एकटं, सावली बिनचूक. परवा केर काढताना बायको त्याच्यापुढे थांबली.

"अहो," म्हणाली, "आता हाच खोटा वाटतो."