उडवीजवळ फुटलेला आवाज

त्या दुपारचा आवाज मला अजून जसाच्या तसा सांगता येतो, कारण तपासात मी तो बऱ्याच वेळा ऐकला. मी पोलीस सेवेत थोडीच वर्षे होते. नोकरी का सोडली, हा वेगळा विषय. उपनिरीक्षक म्हणून माझी नेमणूक शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या एका ठाण्यात होती, तेव्हाचे हे प्रकरण आहे.

भात निघाले की तिकडची शेते मोकळी पडतात. एका शेतकऱ्याने आपले शेत मोटरसायकलींच्या शर्यतीला दिले होते. त्याचा मुलगाही शर्यतीत उतरणार होता. ओढ्यापलीकडे या शेतकऱ्याचा चुलतभाऊ राहत असे. त्याच्या म्हशींचे दूध मुरबाडला जाई. सरावाच्या गाड्यांचे सायलेन्सर मोकळे केलेले असत आणि त्या आवाजाने म्हैस पान्हवत नाही, अशी लेखी तक्रार त्याने आमच्याकडे दिली होती. त्यामुळे परवानगी देताना आवाजाची मर्यादा घातली गेली. आयोजकांनी शर्यतीआधी प्रत्येक गाडीचा आवाज यंत्राने मोजायचा. मर्यादेत असेल तर हिरवा स्टिकर, नसेल तर गाडी बाहेर.

शर्यतीच्या दिवशी दुपारी तो शेतकरी चार माणसांसह ठाण्यात आला. त्यांनी चुलतभावाला दंडाला धरून आणले होते. त्याचा सदरा फाटला होता.

"माझी उडवी पेटवली यानं," शेतकरी म्हणाला. "आता गुरांना काय घालू?"

उडवी म्हणजे रचून ठेवलेला पेंढा, गुरांचा वर्षाचा चारा. ती शर्यतीच्या मार्गाला लागूनच, एका वळणावर होती. शर्यत चालू असताना ती पेटली आणि पुरती जळली.

संशयाला कारणे होती. "माझी म्हैस आटली तर तुझी उडवी पण राहणार नाय," असे चुलतभाऊ ग्रामपंचायतीसमोर बोलला होता. त्याच्या खिशात काडेपेटी होती आणि हात राखेने काळे होते.

"राब भाजत होतो, मॅडम," तो म्हणाला. भाताची रोपे करायच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून ती जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. त्या दिवसांत आमच्या हद्दीतल्या निम्म्या माणसांच्या खिशात काडेपेटी निघाली असती.

"म्हंजे आग लावत व्हतास ना?" शेतकरी म्हणाला.

"माझ्या शेतात रे. तुझ्यात नाय."

बाहेर गावातली माणसे जमली होती. आजच्या आज अटक करा, असा त्यांचा आग्रह होता. चुलतभावाची बायको आवारात भिंतीला टेकून उभी होती. म्हैस त्याच्याशिवाय कोणाला हात लावू देत नाही, एवढेच ती हवालदारांना पुन्हा पुन्हा सांगत होती. मी आकस्मिक जळिताची नोंद घेतली, जागेवर जाऊन पंचनामा केला आणि साक्षीदारांचे जबाब लिहायला बसले.

मी कमी बोलते. जबाब घेताना याचा उपयोग होतो. समोरचा माणूस शांतता भरून काढतो. आग लागताना कोणी काही पाहिले नव्हते, कारण सगळे गाड्यांकडे बघत होते. मात्र तीन जणांच्या जबाबात एक गोष्ट आपोआप आली. शेतकऱ्याच्या मुलाची गाडी मधल्या फेरीत त्या वळणावर एकदम मोठ्याने वाजू लागली. एकाने तर कौतुकाने सांगितले, "तोवर गाडी शेळीवानी वाजत व्हती. मग जी फुटली, मॅडम, समदे उभे राहिले."

मर्यादेत बसलेली गाडी मध्येच का फुटावी, हे कोणाला विचारावेसे वाटले नव्हते.

मी चुलतभावाला समोर बसवले. आगीबद्दल विचारले की तो सरळ बघून उत्तर देई. गाड्यांच्या आवाजाबद्दल विचारले की खाली बघे आणि हात खिशातल्या मोबाइलवर जाई. मी वाट पाहिली.

"मॅडम बोलत नाहीत म्हणजे ऐकतायत," आमचे हवालदार त्याला म्हणाले. "तू बोल बाबा. नायतर आपण तिघं इथंच म्हातारे होऊ."

मग त्याने मोबाइल टेबलावर ठेवला. "मागल्या टायमाला तुमीच बोललात ना, आवाजाचा पुरावा आण. म्हणून शूटिंग घेतलं. पण दाखवायची सोय नाय."

"का?"

"शिव्या हायत त्यात. तुझ्या उडवीला आग लागो, असं बी बोललोय. हे ऐकल्यावर मला कोण सोडल?"

शूटिंग राबाच्या बांधावरून घेतलेले होते. समोर त्याच्या राबाचा धूर, ओढ्यापलीकडे मुंग्यांएवढ्या गाड्या. त्याचा शाप होता, बायकोचे "गप बसा ना" होते. त्यानंतर एक गाडी वळणावर आली, फट् असा आवाज झाला आणि तिथून पुढे ती कर्कश वाजत राहिली. थोड्या वेळाने उडवीतून धूर निघाला. मोबाइल धरणारा माणूस तोपर्यंत बांधावरून हललेला नव्हता.

पंचांसमक्ष मुलाची गाडी ताब्यात घेऊन सायलेन्सर उघडला. आत जळका काथ्या निघाला. पंचनाम्यात उडवीशेजारी असाच काळा काथ्याचा बोळा नोंदलेला होता. आम्ही तो उडवीच्या दोराचा समजलो होतो; प्रत्यक्षात तो वळणावर सायलेन्सरमधून पेटता बाहेर उडाला होता.

मी बापलेकांना ठाण्यात बोलावले आणि शूटिंग ऐकवले. शिवी आली तेव्हा शेतकऱ्याने मान डोलावली, जणू त्याचे म्हणणे सिद्ध झाले. गाडी फुटल्याचा आवाज आला तेव्हा मुलाने डोळे मिटले.

"काय भरलं व्हतंस रे?" बापाने विचारले.

"काथ्या. पहिल्या तपासणीत गाडी नापास झाली. दुसऱ्यांदा पास झाली, तर वाटलं राहील आत."

"आन उडवी त्या काथ्यानंच पेटली, हे तुला कधी कळलं?"

मुलाची नजर चुलतभावाच्या फाटलेल्या सदऱ्याकडे गेली. त्याला धरून आणले तेव्हाच मुलाला माहीत होते, हे बापाला समजले.

जळिताचा गुन्हा चुलतभावावर दाखल झाला नाही. अटी मोडल्याबद्दल आयोजक आणि मुलावर कारवाई झाली. चुलतभाऊ जायला उठला, कारण धारेची वेळ झाली होती. शेतकरी बाकावर तसाच बसून होता. माफी मागायची त्याला सवय नव्हती, हे दिसत होते.

दारात चुलतभाऊ थांबला. "उद्या बैलगाडी घेऊन ये. माझ्याकडचा थोडा पेंढा ने." मग मुलाकडे बघून म्हणाला, "याला चालत पाठव."

या प्रकरणाने मला चौकशीची एक पद्धत दिली. माणसे काय पाहिले ते सांगताना आपल्या सोयीने मांडतात. काय ऐकले ते सोयीने बदलायचे मात्र त्यांच्या ध्यानात येत नाही. पुढे प्रत्येक जबाबात मी 'काय ऐकलंत?' हा प्रश्न विचारत गेले. आणि रागात बोललेल्या वाक्याला कबुलीजबाब समजायचे नाही, हेही ठरवले. शाप देणारा माणूस दुसऱ्या दिवशी पेंढाही देतो, हे मी ठाण्याच्या दारात पाहिले आहे.