जिन्याखालची हाक

समोरच्या टेकडीवरच्या टॉवरची पांढरी तबकडी वाऱ्याने कलली होती. काल दुपारी एक माणूस वर चढून ती नीट करत होता.

तो उतरल्यावर मी विचारलं, "रेंज तर पूर्ण दिसतेय, मग फोन का लागत नाही?"

"टॉवर चालू आहे काका, पण शहरापासून तुटलाय. तुमचा आवाज आधी तबकडीतून शहरात जातो, मग परत येतो."

"खालच्या मजल्यावर बायकोला लावला तरी?"

"तरी."

माझं डोकंच चालेना. जेवायला बोलवायला ही रोज खालून फोन करते. काल तो आला नाही, म्हणून मी वरच बसून राहिलो आणि ती खाली ताटं वाढून. मधे नुसता जिना होता. मग आम्ही नक्की कोणापासून तुटलो होतो?

आज तिने जिन्यातून हाक मारली. मी आधी फोन बघितला.