बराबर वाटणी

माझ्या साडूचं चांगलं झालेलं मला बघवत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढं वाचणारा म्हणेल, माणूस तर साधा दिसतो, मग ह्याच्या पोटात एवढं दुखतंय कशानं.

सेनगावात माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, मी आतली तार काढून नवी भरून देतो. नाद मात्र वेगळाच. जुन्या यंत्रांत आकडे दाखवायला काचेच्या नळ्या असायच्या, निक्सी म्हणतात त्यांना. एका नळीत शून्यापासून नवापर्यंत दहाही आकडे बारीक तारेचे, एकामागं एक उभे. वीज दिली की पाहिजे तो आकडा नारिंगी पेटतो, बाकीचे त्याच्या पुढंमागं अंधुक दिसत राहतात. भंगारवाल्यांचे उकिरडे फुंकत मी त्या जमवतो. गावात बोभाटा असा झाला, की हा आकडे जमवतो. आता आमच्याकडं आकडा म्हणजे एकतर मटक्याचा, नाहीतर तारेवर टाकून वीज चोरायचा. एक लाईनमन तर माझ्या दुकानाचं छप्पर न्याहाळून गेला.

साडूनं हा नाद माझ्याच दुकानात बसून उचलला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा तो नवरा. औंढ्याला नागनाथाच्या देवळाच्या रस्त्यावर त्याचा लॉज आहे, बारा महिने भरलेला. एका दिवाळीला आला, नळी पेटलेली बघितली अन् म्हणला, "साडूभाऊ, हे लई भारी हाय की." मी भोळसट. चहा पाजून सगळं समजावून सांगितलं. पुढं कधीतरी त्याच्या लॉजवर गेलो, तर काउंटरवर नळ्यांचं घड्याळ. परदेशातून मागवलेल्या नळ्या, सागवानी पेटीत बसवलेल्या. यात्रेकरू त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून राहिले होते. मी बायकोला म्हणलं, "आयत्या बिळावर नागोबा." ती म्हणली, "औंढ्याचाच हाय, नागोबाच असणार." तिला हसू आलं. मला नाही आलं.

माझ्या नळ्या बर्फीच्या खोक्यात, कापसात गुंडाळलेल्या. एकीची दुसरीशी जोड नाही, कुणी बुटकी, कुणी उंच, कुणाचा पाचाचा आकडाच पेटत नाही. घड्याळ करायचं तर एका जातीच्या सहा लागतात. तशा सहा मी एकाच ठिकाणी बघितल्या होत्या, जवळा बाजारला, माझ्या सासऱ्यांच्या घरी.

सासऱ्यांनी एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या लिलावात मोजणीचं यंत्र उचललं होतं. कशाला उचललं, ते त्यांनाही सांगता येत नाही. दिवाळीत लेकरांना दाखवायला ते चालू करायचे. मोजायला काही नाही, त्यामुळं सहाही नळ्यांत शून्य पेटायचं. सासूबाई दरवर्षी कुरकुरायच्या, "लक्ष्मीपूजनाला सहा शून्यं मांडलीत, अन् म्होरं एकबी न्हाई." तो उजेड बघून माझा जीव खालीवर व्हायचा. पण जावयानं सासरी तोंड उघडू नये. एकदा मागितलं की जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. मी नुसती त्या यंत्रावरची धूळ पुसायचो, आणि कुणाच्या तरी ध्यानात यावं म्हणून जरा जास्तच पुसायचो. एका दिवाळीला साडूही त्याच्यापुढं हात मागं बांधून उभा दिसला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

यंदा धोंड्याचा महिना आला. ह्या महिन्यात जावयांना बोलावून पुरण भरलेले धोंडे खाऊ घालतात, आणि ताम्हणात अनारसे आणि दिवा ठेवून वाण देतात. फोनवर सासरे म्हणले, "जावईबापू, यंदा वाण तुमच्या आवडीचं हाय." मी ओळखलं. लगेच दुसरं मनात आलं, आवड तर त्याचीही तीच आहे. एसटीत जवळ्यापर्यंत तेवढाच विचार, मला का त्याला. बायको काहीतरी सांगत होती, मी व्हय व्हय करत होतो.

आम्हाला शेजारी शेजारी पाटावर बसवलं. त्याचा शर्ट कडक इस्त्रीचा, माझ्या नखांत मोटारीचं वार्निश. सासूबाईंनी ओवाळलं आणि सासऱ्यांनी दोघांपुढं एकेक ताम्हण ठेवलं. माझ्या ताम्हणात अनारशांच्या बाजूला तीन नळ्या. त्याच्याही ताम्हणात तीन.

"म्या सोता काढल्या," सासरे म्हणले. "खाली तारा लोंबत व्हत्या, वंगाळ दिसत व्हत्या. पक्कडीनं बुडापासून छाटून टाकल्या."

मी नळी उलटी करून बघितली. बूड गुळगुळीत. नळीत वीज जाते ती त्या तारांतूनच. काचेलगत छाटल्यावर जोडायला काही उरत नाही. सहाच्या सहा मेल्या होत्या, आणि प्रत्येकीला हळदकुंकू लावलेलं होतं.

साडूनं माझ्याकडं बघितलं. काय होऊन बसलंय हे त्या घरात आम्हा दोघांनाच कळत होतं. त्याचा चेहरा पार उतरला होता, आणि खरं सांगतो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो मला आपला वाटला. मी म्हणलं, "लई चांगलं केलं, मामा." तोही म्हणला, "लई चांगलं."

सासरे खुलले. माझ्या पानात आणखी एक धोंडा वाढत म्हणले, "हे धाकले जावई काय म्हणत व्हते, माहीत हाय का? मागं आले तवा म्हणले, मामा, ती मशीन थोरल्यालाच द्या. त्यांचा लई जीव हाय तिच्यावर, पण ते तोंडानं मागायचे न्हाईत. माझ्याकडं लई हायत. म्या म्हणलं, असं कसं द्यावं? धोंड्याच्या महिन्यात एका जावयाचं ताट भरलेलं अन् दुसऱ्याचं रिकामं? आमाला दोघं बराबर."

साडू मान खाली घालून पुरणावर तूप कालवत होता.

म्हणजे ते यंत्र अख्खं माझ्या घरी यावं म्हणून त्यानंच शब्द टाकला होता. जे मला बोलता आलं नाही, ते तो बोलला. कुणीही म्हणेल, भला माणूस. मीही म्हणतो. पण माझ्या कानात बाकी सगळं सोडून एवढंच बसलं, माझ्याकडं लई हायत.

परत येताना बायको म्हणली, "काहून गप बसलात? त्यानं तुमच्यासाठी शब्द टाकला, बरं न्हाई वाटलं?"

"वाटलं ना," मी म्हणलं. "आता त्याच्यावर जळायचीबी सोय ठेवली न्हाई त्यानं."