दादांचे पांढरे शर्ट

माझे वडील एका पुढाऱ्याचे कार्यकर्ते होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. तेलगावजवळच्या आमच्या गावात थोडी शेती होती, पण दादा सकाळीच पांढरा शर्ट घालून मोटारसायकलवर बाहेर पडत. कुणाचं लग्न, कुणाचा दहावा, कुठली सभा असं करत दिवस मावळताना परत येत. तोवर काखा घामाने ओल्या झालेल्या असत. त्यांच्याकडे असे चार शर्ट होते आणि चारही काखेत पिवळे पडले होते.

ते डाग काढायचं काम मायचं. घासून घासून ती थकली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून तिने ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात शर्ट भिजवले. डाग निघायचे सोडून आणखी गडद झाले.

त्यातलाच एक घालून दादा एका लग्नाला गेले. अक्षता टाकायला हात वर केला, तसं मागून कुणीतरी म्हणालं की नवरदेवाआधी यांच्याच काखेला हळद लागलेली दिसते. सगळे हसले. शेजारी उभा असलेला पुढारीही हसला.

घरी आल्यावर दादांनी शर्ट काढून मायपुढे टाकला.

"चार माणसांत माझी इज्जत न्हाई ठेवली तू."

मायने तो शर्ट उचलून बादलीत टाकला. मी तेव्हा दहावीला होते. मला दादांचा राग आला, आणि गप्प बसली म्हणून तिचाही.

पुढच्या बाजाराला ती तेलगावातल्या म्हाताऱ्या इस्त्रीवाल्याकडे गेली. त्याने सांगितलं की घामाच्या डागाला ब्लीचिंग लावायचं नसतं, आणि डागावर इस्त्री फिरली की तो पक्का होतो. खायचा सोडा आणि धुण्याची पावडर थोड्या पाण्यात कालवून लावायची, तासभर ठेवायची, दात घासायच्या जुन्या ब्रशने हलक्या हाताने घासायचं. डाग गेला की नाही ते बघूनच शर्ट वाळत घालायचा. तेव्हापासून दादांच्या अंगातून शर्ट निघाला की माय लगेच तो पाण्यात टाकायची. जुने डाग फिके झाले, पूर्ण कधी गेले नाहीत. नवे मात्र तिने पडू दिले नाहीत. दादांनी त्याबद्दल कधी काही विचारलं नाही. तिच्या बोटांना भेगा पडल्या, त्याही त्यांनी पाहिल्या नसाव्यात.

पुढे पंचायत समितीचं तिकीट दादांना देतो म्हणून पुढाऱ्याने शब्द दिला होता. ते त्याने स्वतःच्या साडूच्या पोराला दिलं. दादा भर दुपारी घरी आले आणि पायातल्या चपला न काढता ओट्यावर बसून राहिले. मायने पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. त्यानंतर त्यांना बोलवायला कुणी आलं नाही आणि तेही कुठे गेले नाहीत. पांढरे शर्ट पेटीत गेले.

माझं लग्न होऊन मी बीडला आले. काही वर्षांनी मायच्या पोटात गाठ निघाली. उपचारासाठी ती माझ्याकडे राहिली, दादाही आले. दवाखान्यातून आणल्यावर तिला उठवेना. तिची लुगडी, चादरी दादा धुऊ लागले. मी नको म्हटलं तरी ऐकेनात. नीट पिळता येत नव्हतं, ओल्या चादरीने अंगभर भिजायचे.

एकदा धुणं वाळत घालून ते तिच्या उशाशी येऊन बसले. बराच वेळ हात पुसत राहिले.

"त्या लग्नाच्या दिवशी लई बोललो तुला," ते म्हणाले. "तुझी काय चूक नव्हती."

माय त्यांच्याकडे बघत होती. आवाज अगदी बारीक झाला होता तिचा.

"तवाच म्हणला असता तर बरं वाटलं असतं."

मी चहा घेऊन दारात उभी होते. आत जावं की नाही ते कळेना. दादा मान खाली घालून बसले होते. त्यांना तसं बघून मला वाईट वाटलं, पण त्यांची बाजू घ्यावी असं एकही कारण मला सापडलं नाही. मायने कूस बदलली आणि मला म्हणाली, त्यांना चहा दे, निवतोय.

दिवाळीच्या आधी ती गेली. दादा गावीच राहतात. मी माझ्याकडे चला म्हणते, ते पुढच्या महिन्यात बघू म्हणतात.