बघण्याचा कार्यक्रम

बघण्याच्या कार्यक्रमाला मी कधीच बसणार नाही, हे मी मला नोकरी लागली त्याच दिवशी आईला ठणकावून सांगितलं होतं. मी काय दुकानात मांडलेली वस्तू आहे? माझा माणूस मी स्वतः शोधला, गुडगावच्या ऑफिसात. उंच, निळ्या डोळ्यांचा, जर्मनीहून आलेला. भारतावर त्याचं केवढं प्रेम! माझ्या सावळ्या रंगाचं तर तो इतकं कौतुक करायचा की जन्मभर डाळीचं पीठ आणि हळद चोपडून घेतलेली मी पार विरघळले.

एका रविवारी त्याला गाझियाबादला घरी आणलं. आईने त्याच्यासाठी हौसेने पास्ता केला होता. तो बघून त्याचा चेहराच पडला. मग डायनिंग टेबल सोडून तो फरशीवर मांडी घालून बसला आणि पास्ता हाताने खाऊ लागला. माझ्या जीन्सकडे बघत म्हणाला, "घरी तरी तू साडी नेसत असशील असं वाटलं होतं." भिंतीवर आईच्या लग्नाचा फोटो होता. त्यातली नथ मी घालावी आणि केस मोकळे सोडून दाखवावेत, अशी त्याची फर्माईश होती.

"काय म्हणतोय गं?" आईने विचारलं. मी दात-ओठ खात मराठीत सांगितलं.

"अच्छा!" आई म्हणाली. "मलाही केस सोडून दाखवायला सांगितलं होतं, तुझ्या बाबांच्या आत्याने. पण तेव्हा तुझे बाबा निदान लाजले तरी होते."