नकाशातला तो रस्ता मीच काढला होता

मागच्या रविवारी सकाळी सुका जवळा आणायला खाडीकाठच्या दिवाळे गावात गेले आणि दुपारी दीड वाजता रिकामी पिशवी घेऊन घरी परतले. मधल्या चार तासांत काय झालं ते लिहून ठेवते... नाहीतर सोयीस्करपणे विसरायची सवय आहे मला.

आधी पार्श्वभूमी. मी सीवूड्सला राहते, आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि सुट्टीच्या दिवशी नकाशा काढते. म्हणजे जगभरातले हौशी लोक मिळून इंटरनेटवर जो नकाशा बनवतात ना, जो कुणालाही फुकट वापरता येतो आणि कुणीही सुधारू शकतो, त्यात आमच्या भागातल्या गल्ल्या, पाणपोया, बाकडी वगैरे भरते.

आठ वर्षं झाली. नवरा याला 'रिकामटेकड्यांची महापालिका' म्हणतो... म्हणू दे.

तर जूनमध्ये मी दिवाळे गावात फिरले होते. खाडीकडे दोन गल्ल्या अचानक संपत होत्या आणि मधे चांगली सिमेंटची मोकळी जागा होती. नकाशावर रस्ता असा तुटका दिसला की आम्हा लोकांच्या हाताला खाज सुटते... मी त्या जागेतून चालत पलीकडे गेले, रेघ ओढली, दोन्ही गल्ल्या जोडून टाकल्या. दिवसभर भलतीच खूश होते.

आता रविवार. माझी नेहमीची मासेवाली हिरामावशी, साठीच्या पुढची, जिभेने तिखट. तिच्याकडे जवळा मागितला तर म्हणाली, "नाय. पुढं बघ दुसरीकडं."

असं ती कधीच बोलत नाही. खोदून विचारलं तेव्हा मला हाताला धरून घरामागे घेऊन गेली.

तीच सिमेंटची जागा... आता तिच्यावर जाळी पसरून जवळा वाळत घातलेला. आणि त्याच्या मधोमध मोटारसायकलच्या चाकाचा लांबच लांब पट्टा, जवळा चिरडून चाकाच्या मातीत मिसळलेला.

"पाऊस गेल्यावर जवला घातला, तवापासनं पंधरा दिस झालं. ते सामान पोचवनारं गाडीवालं हितनंच जातात. इचारलं तर मोबाईल दाखवतात... बोलतात, नकाशात रस्ता हाय. ह्यो रस्ता नाय, आमचा खला हाय. माजी सासू हितंच सुकवायची."

त्या गाडीवाल्यांचं ॲप आमचाच नकाशा वापरतं, हे मला लगेच समजलं. जूनमध्ये पावसाळ्यामुळे बोटी बंद असतात, मासळी नसते, म्हणून खळं मला रिकामं दिसलं होतं... एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

खरं सांगते, गप्प बसायचा विचार मनात आला होता. घरी जाऊन गुपचूप रेघ पुसली असती तर कुणाला कळलं असतं? पण मावशी खाली बसून एकेक चिमूट जवळा वेचत होती, त्यातली माती फुंकरीने उडवत होती... मला राहवलं नाही.

"मावशी, तो रस्ता मी काढलाय."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "तू? कोनाला इचारलंस?"

आठ वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, कुणालाच नाही... तिथे कुणालाही बदल करता येतो.

"मंग आता पूस."

तिथेच उभी राहून पुसला. पण नकाशात पुसलेलं ॲपपर्यंत पोचायला काही दिवस लागतात, हेही सांगावं लागलं. "तवर काय करू?" ती म्हणाली आणि पुन्हा जवळा वेचायला लागली.

मग मी गल्लीच्या तोंडाशी मासळीचा एक टब पालथा घालून त्यावर बसले. दुपारपर्यंत सहा गाड्या आल्या. प्रत्येकाला तेच... "दादा, इथून रस्ता नाही." "मॅडम, मॅप में है ना!" "नकाशा चुकलाय. मीच काढलाय."

एक जण तर हसून हात जोडून वळला. मलाही हसू आलं, पण लाजही वाटली.

मी उठायच्या आधी मावशीने रिकामे क्रेट लावून वाट अडवली. मग माझा मोबाईल मागितला आणि बोटाने अख्खं गाव तपासलं. मी 'गल्ली' म्हणून दाखवलेली आणखी एक वाट कुणाच्या तरी पडवीतून जात होती... तीही पुसली. आणि त्या सिमेंटच्या जागेवर लिहिलं, 'मासळी सुकवण्याचं खळं'.

आमच्याकडे प्रत्येक बदलाखाली माहिती कुठून मिळाली ते लिहावं लागतं. मी आजवर न चुकता 'स्वतः पाहून' लिहीत आले. त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं, 'इथल्या रहिवाशांना विचारून'.

काल सकाळी मावशीचा फोन आला. "तीन दिस गाडी नाय आली. जवला वालला, तुजा शेर ठेवलाय. आन ऐक... सुनंच्या मोबाईलात नकाशा बघितला. जेट्टीजवल तू पुन्ना चुकलीस."

तिच्यासारखं तपासणारं माणूस मला आठ वर्षांपूर्वीच मिळायला हवं होतं. पिशवी घेतलीये... निघतेय.