तीन नंबरची काठी

दीनाला माती दिली त्या दिवशी कृपादान भिंगारदिवे रडला नाही. पाळकसाहेबांची प्रार्थना चालू असताना बायकोच्या पेटीवर ओणवा होऊन त्यानं झाकणावरून अंगठा फिरवला आणि पेटीवाल्या सुताराच्या कानात सांगितलं, "डावीकडचा तिसरा स्क्रू अर्धा सूत वर आहे." सुतारानं पेचकस मागवला, स्क्रू आवळला, आणि मगच दीना खाली गेली. नगरच्या सावेडीतले लोक हे अजून सांगतात. काही हसून सांगतात, काही न हसता.

त्याचा तरी काय दोष? सुप्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं तो तपासणीच्या टेबलावर बसला होता. समोर पार्ट आला की दोन्ही हातांनी दाबून बघायचा. वाकला तर पुढचं काही बघायचंच नाही, थेट लाल खोक्यात. नाही वाकला तर अंगठा फिरवायचा, मग गेज लावायचा. वाकलं ते रिजेक्ट, ही त्याची बायबलच्या खालोखालची श्रद्धा. केसाएवढा फरक त्याच्या अंगठ्याला कळायचा. नवीन पोरं त्यावर वडापावच्या पैजा लावायची. मार्चमध्ये तो रिटायर झाला, जूनमध्ये दीना गेली. तो स्क्रू म्हणजे त्या अंगठ्याला कळलेली शेवटची गोष्ट. त्यानंतर काही कळेनासंच झालं. दुखत होतं म्हणावं तर तेही नाही. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल जसा दुसऱ्याचाच वाटतो, तसा कृपादानला अख्खा कृपादान वाटायचा.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मुलगी ग्लोरिया पुण्याहून आली. ती बँकेत अधिकारी. बोलणं समोरच्याची फाईल उघडून बसल्यासारखं. चर्चहून आल्यावर मटणाच्या ताटावरच तिनं विषय काढला.

"पप्पा, चार महिन्यांत तुम्ही स्वतःहून एक तरी गोष्ट मागितलीत का?"

कृपादाननं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "मीठ," तो म्हणाला. "गुरुवारी. जोएलकडं."

धाकटा जोएल पुण्यालाच नोकरीला होता, पण आई गेल्यापासून घरून काम करत नगरलाच राहिला होता. त्याला ठसका लागला. ग्लोरिया हसली नाही. पुढच्या रविवारपर्यंत पप्पांनी कशात तरी जीव रमतोय एवढं दाखवावं, नाहीतर घराला कुलूप लावून सरळ पुण्याला यावं, असं तिनं सांगून टाकलं. जोएलही किती दिवस असा अडकून बसणार? कुलूपही तिनं येताना विकत आणलं होतं, चांगलं मुठीएवढं, ते टेबलावर ठेवून ती गेली.

पुण्याला जायचं की नाही, यावर कृपादानचं काही म्हणणं नव्हतं. निदान त्याला सापडेना. पण त्याच संध्याकाळी त्यानं ते कुलूप किल्ल्यांसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं आणि पिठाच्या डब्यात खाली खुपसून ठेवलं. का, ते विचारू नका. त्यालाही सांगता आलं नसतं.

मंगळवारी जोएल दिवसभरासाठी पुण्याला जाऊन दोन काठ्या घेऊन आला. पुण्यात त्याचे दोस्त शनिवार-रविवार मासे धरायला जात, पण गांडूळ लावून नाही. पिसांची खोटी माशी पाण्यावर टाकून. माशीला कसलं आलंय वजन? म्हणून दोरीच जड असते, आणि तिच्या जोरावर माशी लांब जाते. जेवढी दोरी जड, तेवढी काठी ताठ आणि तिचा नंबर मोठा. दुकानदार ओळखीचा निघाला, त्यानं आठवडाभर वापरून बघायला दोन दिल्या होत्या: एक तीन नंबर, एक पाच. आवडेल ती ठेवायची, दुसरी परत.

"कशाला हे?" कृपादाननं विचारलं.

"पप्पा, राजूरच्या पुढं आजोबा दवाखान्यात कंपाउंडर होते, तेव्हा तुम्ही ओढ्यावर पडीक असायचा. मम्मीच सांगायची. शनिवारी जाऊ. तुम्ही फक्त काठी निवडा. दीदीला सांगायला काहीतरी पाहिजे ना."

"म्हणजे हौस दाखवायची."

"तसं समजा."

"दाखवायची म्हणजे असली पाहिजे," कृपादान म्हणाला. खोटा शेरा त्यानं सत्तावीस वर्षांत कधी मारला नव्हता. साहेबानं डोळे वटारले तरी नाही.

पण तपासणीला आलेला माल तसाच पडू देणंही त्याच्या हातून होईना. बुधवारी सकाळी त्यानं दोन्ही काठ्या पाळीपाळीनं जेवणाच्या टेबलाला शिकंज्यानं आवळल्या, शेंड्याला दीनाच्या कपाटाच्या चाव्यांचा जुडगा टांगला आणि शेंडा किती खाली येतो ते स्टीलच्या पट्टीनं मोजलं. तीन-तीन वेळा. जोएल लॅपटॉपवर मिटिंगमध्ये होता. मागे बाप टेबलाखाली रांगतोय, हे पुण्यातल्या अकरा जणांनी बघितलं.

"पाच पास," कृपादाननं निकाल दिला. "तीन वाकते."

"पप्पा, छोट्या ओढ्याला तीनच घेतात म्हणे. ती वाकायलाच पाहिजे."

"वाकायला पाहिजे, मग पास कशी होणार?"

जोएल परत मिटिंगकडं वळला. तरी शनिवारी पहाटे गाडीत टाकताना त्यानं दोन्ही काठ्या टाकल्या.

संगमनेर गेलं, अकोले गेलं, राजूर मागं पडलं. भाताची खाचरं पिवळी व्हायला लागली होती. कृपादान खिडकीतून बघत होता, पण कारखान्याच्या बसमधून सुप्याचा रस्ता बघावा तसंच. ओढा होता तिथंच होता. दहा-बारा हात रुंद, पाणी निवळशंख, दोन्ही अंगांनी करवंदीच्या जाळ्या झुकलेल्या. काठावरच्या खडकावर दगडाबाई नावाची म्हातारी शेळ्या सोडून बसली होती. हातात काठी, तोंडात मिश्री.

कृपादाननं पाच नंबर जोडली. जोएलनं मोबाईलवर दाखवलेलं बघून हात मागं नेला, पुढं आणला. जागाच एवढीशी, की दोन वाव, म्हणजे हात पसरून दोनदा मोजावी एवढी, दोरी सोडली की समोरची जाळी. आणि तेवढ्याशा दोरीला ती काठी दाद देईना, ढिम्म वाकेना. दोरी शेवयांच्या गुंत्यासारखी पायापाशी पडली. पुन्हा. पुन्हा.

"आवं पावनं," दगडाबाई म्हणाली, "मासं धरताय का माश्या हाकताय?"

"मासे, मावशी," जोएल म्हणाला.

"मंग ह्यो बांबू कशापाई? हितलं मासं बोटाएवढं, आन काठी बैलाला भ्या घालायची!"

अकराव्या का बाराव्या खेपेला माशी कशीबशी खडकाजवळच्या डोहात पडली. पाणी चमकलं.

"पप्पा, घेतली! ओढा, ओढा!"

"काय घेतलं?" कृपादाननं विचारलं. त्याच्या हाताला काहीच कळलं नव्हतं. त्यानं वळून जोएलकडं बघितलं, तेवढ्यात दोरी सैल पडली.

"आलं, चव बघितली, थुकून गेलं," दगडाबाईनं सांगितलं. "हितून मला दिसलं, आन काठी धरनाऱ्याला पत्ता न्हाई!"

कृपादाननं काठीकडं बघितलं. मग त्यानं ती जोएलच्या हातात दिली आणि दुसरीसाठी हात पुढं केला.

तीन नंबर मागं नेली तेव्हाच ती मुठीपर्यंत वाकली. लाल खोक्यातला माल, त्याच्या मनात आलंच. पण दोन वावच दोरी, आणि ती सरळ जाऊन डोहावर पसरली. माशी वाहत खडकाला वळसा घालून आली. दुसऱ्यांदा टाकली. तिसऱ्यांदा. पाणी या वेळी चमकलं नाही, जोएलला काही दिसलं नाही, दगडाबाईलाही नाही. काठीच्या बुचाच्या मुठीवर कृपादानचा अंगठा होता. त्याखाली काहीतरी टकटकलं. अर्धा सूत, फार तर.

"आहे," तो म्हणाला.

मासा बोटभर चंदेरी, अंगावर निळसर पट्टे. ओल्या तळहातावर त्यानं तो घेतला, अंगठा एकदा शेपटीपर्यंत फिरवला आणि पाण्यात सोडून दिला.

"सोडला?" दगडाबाई उठूनच उभी राहिली. "आरं देवा! नगरावरनं आलं, दोन-दोन काठ्या आनल्या, आन सोडला! घरी बाई मानूस हाय का न्हाई वराडायला?"

"न्हाई," कृपादान म्हणाला. त्याच्याही नकळत तो लहानपणीचं तिकडचं बोलला. "जूनमदी गेली."

दगडाबाईनं मिश्री थुंकली आणि शेळ्यांना हाळी दिली. जरा वेळानं म्हणाली, "त्या वाकड्या उंबराखाली मोठं हायती. तिथं टाका."

त्यानं टाकली. दोन आणखी लागले, एक सुटला. कुणी रडलं नाही, कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. येताना राजूरला चहा झाला. कृपादाननं साखर जास्त झाल्याची तक्रार केली, आणि जोएलनं चहावाल्याला उगाचच दहा रुपये जास्त दिले.

रविवारी दुपारी ग्लोरियाचा फोन आला. जोएलनं तो स्पीकरवर टाकला.

"मग पप्पा? कशात जीव रमला?"

"रमला बिमला नाही," कृपादान म्हणाला. "हौस म्हणशील तर अजून काही नाही. पण तीन नंबरमध्ये मासा कळतो. पाच परत पाठवतोय. जोएल पण जाईल पुण्याला, त्याचं त्याचं काम बघेल. मी शनिवारी एसटीनं राजूरला जाईन."

पलीकडं ग्लोरियानं टीव्हीचा आवाज बंद केला.

"म्हणजे इथं येत नाही."

"नाही."

"बरं." मग बँकेतला आवाज काढून ती म्हणाली, "मग ते कुलूप तरी परत पाठवा. पावती आहे माझ्याकडं. कुठं ठेवलंय?"

"पिठाच्या डब्यात."

"काय? तिथं कुणी ठेवलं?"

"मी. तू गेलीस त्या दिवशीच."

जोएलनं वर बघितलं. फोनमध्ये नुसतं खुसखुसल्यासारखं काहीतरी झालं. ती हसतेय की काय करतेय, ते स्पीकरवर कळायला मार्ग नव्हता.

"पप्पा," शेवटी ती म्हणाली, जरा नाक ओढून, "आठवडाभर चपात्या कुठल्या पिठाच्या केल्यात मग?"

"त्याच," कृपादान म्हणाला. "पिशवीत बांधून ठेवलंय. पीठ पास आहे."